कितला वाजनात?

गेले तीन-चार शनिवार इथे काही लिहिलं नाही. एक-दोघांनी विचारलं, काय रे, ऑनसाइटला गेलास की लग्न जमलं? दोन्ही नाही :-) शुक्रवारी रात्री हिंजवडीहून धुळ्याची ट्रॅव्हल्स पकडायची आणि रविवारी रात्री परत, असं चाललंय. या वेळी तिकीट मिळालं नाही म्हणून पुण्यात अडकलोय, तर जे डोक्यात घोळतंय ते लिहून टाकतो. चिडून लिहितोय, आधीच सांगून ठेवतो.

आमचे नाना म्हणजे पप्पांचे मोठे भाऊ. देवपुरात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. साक्री-शिरपूरकडचे शेतकरी विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन यायचे आणि दुकानातच बसून राहायचे, की नाना, आजच्या आज भरून द्या, कापूस वाळतोय. पस्तीस वर्षं त्या माणसाने मोटारी भरल्या. मी विद्यानगरीतल्या कॉलेजात इंजिनिअरिंग केलं, पण स्टार-डेल्टा म्हणजे काय हे मला सरांच्या आधी नानांनी दाखवलं होतं, हातात तांब्याची तार देऊन.

तर झालं असं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. धुळ्याबाहेरच्या लोकांना हे मुद्दाम सांगावं लागतं. पाण्याचा दिवस असला की अख्खी गल्ली गजर लावून उठते. त्या दिवशी साडेसहाला पाणी आलं. पहिली टाकी भरली, दुसरीत पाइप टाकताना नानांच्या हातातून तो सुटला. काकू म्हणाली, "काय व्हयनं?" नानांना उत्तर देता येईना. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. म्हणजे पावणेसात. काकूला वेळ विचारली तर ती घड्याळाची नाही सांगत, पाण्याची सांगते, आणि आमच्या गल्लीत ती जास्त भरवशाची असते.

शेजारच्या पोराने रिक्षा काढली. सात वीसला दवाखान्यात. खाजगी दवाखाना, नाव लिहीत नाही. तिथे बीपी मोजलं, वाढलेलं होतं. अशक्तपणा आहे, चक्कर आली असेल, सलाइन लावू. काकूने सिस्टरला तीनदा सांगितलं की यांचा उजवा हात उचलत नाहीये, बोलताही येत नाहीये. मोठे डॉक्टर राउंडला येतील तेव्हा बघतील. मोठे डॉक्टर साडेबारानंतर आले. सीटी स्कॅन दुपारी झाला. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अशा गुठळीवर ती विरघळवणारं इंजेक्शन असतं. आधी सीटी करून मेंदूत रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं, आणि मग साडेचार तासांच्या आत ते द्यावं लागतं. १९९५ च्या अमेरिकेतल्या चाचणीत ही मुदत तीन तासांची होती, २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीनंतर ती साडेचारपर्यंत गेली. गुठळी अडकलेली असताना मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात असा हिशेब एका डॉक्टरने २००६ मध्ये मांडला होता. नानांची मुदत सव्वाअकराला संपली. तेव्हा ते दवाखान्यातच होते, पलंगावर, सलाइन लावून, चार तासांपासून.

सलाइन चालू असताना नाना तोंडातल्या तोंडात सारखं काहीतरी विचारत होते. काकूला वाटलं पाणी मागताहेत. महिन्याभराने बोलणं जरा सुटलं तेव्हा कळलं, की ते विचारत होते, "कितला वाजनात?" म्हणजे किती वाजले. दुकान नऊला उघडायचं होतं.

आता उजवा हात छातीशी दुमडलेला असतो. दुकान बंद आहे.

मी पुण्याहून पोचलो तेव्हा पहिलं काम केलं ते कागद मागण्याचं. सवयीचा भाग. आधी मिळालं डिस्चार्ज कार्ड, त्यात निदान आणि औषधं. मग लेखी अर्ज, मग दुसरा अर्ज, मग तिसरा. शेवटी पूर्ण फाइलची झेरॉक्स आली. त्या फाइलमध्ये दाखल केल्याची वेळ आहे, सात चाळीस. तक्रार: अशक्तपणा. त्यानंतर "सीटी सुचवला" अशी एक ओळ. वेळ नाही. कोणी सुचवला, सही नाही. आणि मग सीटीची फिल्म, तिच्या कोपऱ्यात मशीनने छापलेली वेळ, १६:३८. अख्ख्या फाइलमध्ये सात चाळीसनंतर विश्वास ठेवावा अशी पहिली वेळ ती, कारण ती माणसाने लिहिलेली नाही.

मधले नऊ तास कुठे गेले?

माझं सगळं भांडण या एका प्रश्नाचं आहे. चुकीचं ऑपरेशन केलं, पोटात कापूस राहिला, चुकीचं औषध दिलं, तर मागे काहीतरी वस्तू उरते. उशिराची वस्तू उरत नाही. उशीर फक्त घड्याळात असतो, आणि ते घड्याळ ज्याने उशीर केला त्याच्या ताब्यात असतं. मी ऑफिसात सर्व्हर सांभाळतो. कुणाचं तरी पेमेंटचं पान चार मिनिटं बंद पडलं तर दुसऱ्या दिवशी आम्हाला अहवाल लिहावा लागतो: अलार्म कधी वाजला, कोणी बघितला, किती मिनिटांनी उचलला, का नाही उचलला. माणसाला फाशी द्यायला नाही, पुन्हा होऊ नये म्हणून. चार मिनिटांसाठी तीन पानं. माझ्या काकांच्या नऊ तासांसाठी एक ओळ, तीही बिनवेळेची.

म्हणून मी घरात म्हटलं की आपण नुकसानभरपाईचा दावा लावू. आणि मग जे सुरू झालं त्यावर हा लेख आहे.

"झालं ते झालं. हात परत येणारे का?" "देवाची मर्जी." "डॉक्टर काय मुद्दाम करतात का?" आणि सगळ्यात जास्त वेळा, आवाज खाली आणून: "पैशासाठी करताय असं दिसेल हो." एकवीरा देवीच्या देवळात भेटलेल्या एका काकांनी तर मला समजावलं की हाताचे पैसे घेणं बरं दिसत नाही. कमाल आहे! तोच माणूस एसटीने धक्का दिला तर मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो, विमा कंपनी दोन हजार कमी देते म्हणून तीन वर्षं भांडतो. शेताला आग लागली तर पंचनामा मागतो. फक्त दवाखान्यात झालेलं नुकसान तेवढं प्रारब्ध.

गंमत अशी की या देशात डॉक्टरच्या निष्काळजीपणाबद्दल कोर्टात गेलेल्या बापांपैकी ज्याचं नाव कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी वाचतो, तो बाप आमच्या धुळ्याचा होता. हे मला दीड वर्षापूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. शाळेत राजवाडे संशोधन मंडळाची सहल झाली, हे कोणी सांगितलं नाही.

लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. सुप्रीम कोर्ट, २ मे १९६८. गोडबोले धुळ्यात प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. त्यांचा वीस वर्षांचा मुलगा आईबरोबर रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतला होता. ६ मे १९५३ ला समुद्रकिनाऱ्यावर अपघात होऊन त्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. तिथल्या डॉक्टरने फळ्या बांधल्या आणि पुण्याला न्या म्हणून सांगितलं. ८ तारखेला स्प्लिंट मिळाल्या. रात्री एकला टॅक्सी निघाली, जवळपास दोनशे मैल, ९ तारखेला सकाळी साडेअकराला पुणे. वडील धुळ्याहून येऊन थांबलेले. २ वाजून १५ मिनिटांनी दवाखान्यात दाखल. मॉर्फियाची दोन इंजेक्शनं सांगितली होती, एकच दिलं गेलं. ऑपरेशन थिएटरमध्ये तासाभराहून थोडा जास्त वेळ, साडेपाचला खोलीत. सातपर्यंत गुंगी उतरेल असं सांगितल्यावर वडील धुळ्याला परत निघाले. साडेसहाला आईच्या लक्षात आलं की पोराला श्वास घ्यायला त्रास होतोय. नऊ वाजता तो गेला.

ते वडील तेव्हा कुठे असतील? रस्त्यात. मनमाडच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी. हे निकालात नाही, पण धुळे-पुणे रस्ता मी इतक्या वेळा केलाय की तो निकाल वाचताना दुसरं काही डोक्यात येत नाही.

सर्टिफिकेटवर मृत्यूचं कारण फॅट एम्बॉलिझम लिहिलं होतं. कोर्टांनी ते मानलं नाही. पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड बसवलं, त्या धक्क्याने मृत्यू झाला, असं ठरलं. खालच्या कोर्टाने ३,००० रुपये भरपाई दिली, हायकोर्टाने ती कायम केली आणि सुप्रीम कोर्टाने डॉक्टरचं अपील फेटाळलं. पेशंट घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणते उपचार करायचे हे ठरवताना आणि ते उपचार करताना, या तिन्ही वेळी डॉक्टरवर काळजी घेण्याची जबाबदारी असते, हे तिथे स्पष्ट लिहिलं गेलं. आजही वकील ते वाक्य पुढे करतात.

ही केस उशिराची नाही, चुकीच्या उपचाराची आहे. मान्य. पण पुन्हा वाचा, ती उभी कशावर आहे: सव्वादोन, साडेपाच, साडेसहा, नऊ. सगळे आकडे वेळेचे. आणि ते कोर्टापुढे नीट मांडले गेले, कारण बाप स्वतः डॉक्टर होता, त्याला काय विचारायचं हे कळत होतं. ३,००० रुपयांसाठी एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरशी पंधरा वर्षं भांडला. तेव्हाही कोणीतरी म्हटलंच असेल, पैशासाठी करताय असं दिसेल.

धुळ्याचं दुसरं उदाहरण आहे आणि त्याची लाज वाटते. मार्च २०१७. मी तेव्हा कॉलेजात होतो. अपघातात डोक्याला मार लागलेला पेशंट सरकारी रुग्णालयात आणला. तिथे मेंदूचा सर्जन नव्हता, दुसरीकडे हलवा म्हणून सांगितलं. नातेवाइकांनी समोर असलेल्या निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, सगळ्या वाहिन्यांवर धुळे.

सर्जनचं पद नव्हतं की भरलं नव्हतं, हा प्रश्न कुणाला विचारायचा होता? सरकारला. मार कुणी खाल्ला? ज्याने खरं सांगितलं त्याने. आणि मी पैजेवर सांगतो, त्या पोराला मारणाऱ्यांतल्या एकालाही कोणी "पैशासाठी करताय" असं म्हटलं नसेल. आपल्याकडे डॉक्टरची कॉलर धरली तर तो संताप, आणि डॉक्टरला नोटीस पाठवली तर ती हाव! मला हे उलटं वाटतं. नोटीस हा त्यातल्या त्यात सभ्य प्रकार आहे. त्यात समोरच्याला उत्तर द्यायला वेळ मिळतो, वकील मिळतो, आणि तो बरोबर असेल तर सुटतो.

माझा एक शाळासोबती आता एमडी आहे. त्याच्याशी दोन रात्री फोनवर वाद झाला. त्याची बाजू नीट मांडतो, कारण ती हलकी नाही. पहिलं, तुम्ही दावे लावायला लागलात की डॉक्टर घाबरून प्रत्येकाला सीटी सांगणार, आणि बिलं तुम्हीच भरणार. दुसरं, गावातला छोटा दवाखाना सीरियस पेशंट घेणारच नाही, सरळ नाशिकला पाठवणार, दीडशे किलोमीटर. तिसरं, ते इंजेक्शन दिलं असतं तरी नाना बरे झाले असते याची खात्री काय?

पहिल्या दोन्हीला माझं उत्तर एकच. अर्ध्या अंगाची ताकद अचानक गेलेल्या, बोलता न येणाऱ्या माणसाला सीटी सांगणं म्हणजे घाबरून वागणं नाही, ते पुस्तकातलं पहिलं पान आहे. आणि आपल्याकडे सोय नाही म्हणून साडेसातलाच "इथे थांबू नका, निघा" असं सांगितलं असतं, तर मी त्या डॉक्टरांच्या पाया पडलो असतो. गाडी घेऊन अकराच्या आत नाशिक गाठता आलं असतं. नकार वेळेवर दिला तर तोही उपचारच आहे. चार तास ठेवून घेणं आणि काहीच न ठरवणं, हे ना धड उपचार ना धड नकार.

तिसऱ्यावर मात्र मी गप्प झालो, कारण तो बरोबर आहे. त्याच १९९५ च्या चाचणीत तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरे असलेले लोक इंजेक्शन घेतलेल्यांत १०० पैकी ३९ होते, न घेतलेल्यांत २६. फरक १३ चा. म्हणजे वेळेवर मिळालं असतं तरी नाना त्या ३९ मध्ये असते की उरलेल्या ६१ मध्ये, हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. आणि उशिराच्या केसेस इथेच बुडतात. इंग्लंडमध्ये २००५ साली एका माणसाचा दावा असाच गेला. काखेतली गाठ डॉक्टरने साधी चरबीची म्हणून सोडून दिली, ती कॅन्सरची निघाली, निदानाला नऊ महिने उशीर झाला. बरं होण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ वर आली. हाउस ऑफ लॉर्ड्स म्हणालं, मुळातच पन्नासच्या खाली होती, तेव्हा उशिरामुळे तू बरा झाला नाहीस असं सिद्ध होत नाही. पाचपैकी तिघे तसं म्हणाले, दोघे विरोधात. म्हणजे ज्याची शक्यता ५१ होती त्याला सगळं, ४२ होती त्याला शून्य. पहिल्या सेमिस्टरला असं लॉजिक लिहिलं असतं तर आमच्या सरांनी वही फेकली असती.

मी म्हणतो, नानांचं हिरावलं गेलं ते हाताइतकंच एक तिकीट. लॉटरी लागलीच असती असं नाही. पण तिकीट त्यांचं होतं आणि ते दुसऱ्याच्या टेबलावर पडून मुदतबाह्य झालं. त्याची काहीच किंमत नाही? न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघाताच्या भरपाईसाठी सरकारी निधी आहे. तिथे उपचारामुळे झालेल्या इजेत वेळेवर उपचार न होणंही धरतात, आणि डॉक्टरचा दोष सिद्ध करत बसावं लागत नाही. आपल्याकडे असं काही येईपर्यंत दावा हाच रस्ता.

आणि हा रस्ता लोकांना वाटतो तितका बंद नाही. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात आणली. २०१९ च्या नव्या कायद्यात आरोग्य हा शब्द नाही म्हणून आम्ही सुटलो, असं म्हणत डॉक्टरांची एक संघटना मुंबई हायकोर्टात गेली. २०२१ मध्ये हायकोर्टाने आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते नाकारलं. नव्या कायद्याने तर आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दवाखाना मुंबईचा असला तरी तक्रार धुळ्याच्या जिल्हा आयोगात. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. केसपेपर अर्ज केल्यापासून ७२ तासांत द्यायचे, हे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे, आणि ते गोपनीय आहेत म्हणून पेशंटला नाकारता येत नाहीत हे मुंबई हायकोर्टाने १९९६ मध्येच सांगितलंय. पण मुदत दोन वर्षांची. आणि पूर्ण फुकट असलेल्या सरकारी रुग्णालयातला पेशंट ग्राहक धरला जात नाही, त्याला दिवाणी कोर्ट नाहीतर हायकोर्ट. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे, त्याला सगळ्यात लांबचा रस्ता. हे मला अजिबात पटत नाही, पण आहे ते असं.

धुळ्यात दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लेखी मत देणारा डॉक्टर कुठून आणायचा, हा प्रश्न मला दोन वकिलांनी विचारला. त्यावरही २०१० चा निकाल आहे. हैदराबादच्या एका बाईला मलेरिया होता, दवाखाना टायफॉइडची औषधं देत राहिला, ती गेली. जिल्हा मंचाने नवऱ्याला दोन लाख दिले, राज्य आयोगाने तज्ज्ञाचं मत नाही म्हणून काढून घेतले. सुप्रीम कोर्टाने परत दिले आणि म्हटलं की प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञ लागत नाही, जिथे गोष्ट उघड आहे तिथे नाही. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये अपुऱ्या दिवसांची एक मुलगी जन्मली. अशा बाळांचे डोळे काही आठवड्यांत तपासावे लागतात. तपासले नाहीत, आईबापांना सांगितलंही नाही. ती आंधळी झाली. २०१५ मध्ये एकूण सुमारे १ कोटी ८० लाख रुपये मंजूर झाले.

१९९६ आणि २०१५. एकोणीस वर्षं. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला, अकरा दिवसांत ती गेली. नवऱ्याला ३६,००० रुपये खालच्या कोर्टाने दिले, हायकोर्टाने काढले, सुप्रीम कोर्टाने परत दिले, फेब्रुवारी १९९६ मध्ये. साडेबत्तीस वर्षं! उशिराबद्दल दाद मागायला जावं तर तिथला उशीर हा. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावा असं लिहिलंय. वाचून हसू येतं.

म्हणून पैशाचं बोलतो, उघड बोलतो. नानांना फिजिओथेरपीला रोज माणूस लागतो. दुकानाचं भाडं आठ महिने भरलं, मग सोडलं. काकू आता पापड लाटून देते. चुलतभावाने शेवटचं वर्ष सोडून शिरपूरला नोकरी धरली. याला हाव म्हणणाऱ्याने एक महिना ते घर चालवून दाखवावं. कायद्याला हात परत देता येत नाही, त्याला फक्त रुपये मोजता येतात, त्यामुळे दाव्यात रुपयेच लिहावे लागतात. पण मला त्या रकमेइतकंच दुसरं काहीतरी हवंय. दावा लागला की समोरच्याला लेखी म्हणणं द्यावं लागतं. सात चाळीस ते चार अडतीस, काय काय झालं, प्रतिज्ञापत्रावर. तीन अर्ज करून जे मिळालं नाही ते मागायचा दुसरा मार्ग असेल तर मला सांगा, मी दावा लावत नाही.

पप्पांचा विरोध अजून आहे आणि तो गावातल्या लोकांसारखा पोकळ नाही. त्या डॉक्टरांनी आजीला शेवटच्या दोन वर्षांत घरी येऊन तपासलं, कित्येकदा पैसे घेतले नाहीत. कोविडमध्ये सगळे शटर ओढून बसले होते तेव्हा त्यांचा दवाखाना चालू होता. पप्पा म्हणतात, त्या माणसाला तू कोर्टात उभं करणार? मला झोप लागत नाही ती यामुळे. मी त्यांना म्हटलं, पप्पा, ते चांगले आहेत हे मला मान्यच आहे, म्हणून तर मी फाइल मागितली, दगड नाही उचलला. चांगल्या माणसानेही नऊ तासांचा हिशेब द्यावा लागतो. कदाचित त्या दिवशी सीटीवाल्याकडे रांग असेल, कदाचित सिस्टरने त्यांना फोनच केला नसेल, कदाचित ते दुसऱ्या कुणाचा जीव वाचवत असतील. तसं असेल तर त्यांनी ते सांगावं, मी जाहीर माफी मागीन, याच पानावर. पप्पा काही बोलले नाहीत, उठून गॅलरीत गेले.

नानांना कोणी विचारलंच नव्हतं, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. सगळे त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोर बोलत होतो. मागच्या रविवारी विचारलं. बराच वेळ शब्द जुळवत राहिले, मग म्हणाले, "मना हात... पस्तीस वरीस." आणि डाव्या हाताने पेन मागितलं. सही काही जमली नाही, रेघोट्या आल्या. काकू म्हणाली अंगठा चालतो ना? चालतो म्हटलं. तर त्यांनी मान हलवली, नाही. सही करतो म्हणे, सराव करतो.

दोन वर्षांची मुदत संपायला अकरा आठवडे उरलेत. पुढच्या शनिवारी अकरा वाजता वकिलांकडे जायचंय. काकूचं म्हणणं मी तिच्या शब्दांत लिहून घेतलंय, पाणी कधी आलं तिथपासून. शेजारच्या रिक्षावाल्या पोराचंही घ्यायचंय, पण तो सध्या सुरतेला आहे. फोन लागला तर उद्या बोलतो त्याच्याशी.